पंधरा ते आठ की तेरा बाय तेरा?

रांगोळीच्या पुस्तकात प्रत्येक आकृतीखाली एक बारीक ओळ असते. कुठे '१५ ते ८ ठिपके', कुठे '१३ × १३'. आपण ती ठिपके मोजण्यापुरती वाचतो आणि आकृतीकडे वळतो. पण त्या ठिपक्यांवर कोणते आकार बसतील आणि कोणते काही केल्या बसणार नाहीत, हे त्या ओळीनेच ठरवून टाकलेलं असतं. पाडव्याला किंवा दिवाळीत 'त्रिकोण जरा कलला' किंवा 'पाचव्या पाकळीला जागा कमी पडली' असं जे होतं, त्यातलं बरंचसं हाताच्या दोषाने होत नाही. ती जाळीची भूमिती असते.

आधी गंमत सांगतो. दोन्ही मांडण्यांत ठिपके तितकेच लागतात. तेरा गुणिले तेरा म्हणजे १६९. '१५ ते ८' मध्ये मधली ओळ १५ ची, मग वर आणि खाली १४, १३, १२ असं उतरत ८ पर्यंत. ८ ते १४ ची बेरीज ७७, तिची दुप्पट १५४, त्यात मधले १५ मिळवले की पुन्हा १६९. असा योग फार क्वचित जुळतो. यानंतरचा थेट १८१ × १८१ ला येतो, म्हणजे '२०९ ते १०५'. तेवढे ठिपके मांडत कोण बसणार!

ठिपके सारखे असले तरी जाळ्या वेगळ्या. '१३ × १३' मध्ये ठिपक्याखाली ठिपका येतो, तिला सरळ जाळी म्हणू. '१५ ते ८' मध्ये वरच्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेखाली ठिपका येतो, ती तिरपी जाळी. सरळ जाळी कुणीही मांडतं. चुका होतात त्या तिरपीत, म्हणून तिचे ठिपके पाडायचा, भोकांचा कागद कसा करायचा ते नीट बघू.

कार्डशीट घ्या, वर्तमानपत्र दोन वापरांत फाटतं. ठिपक्या-ठिपक्यातलं अंतर ३ सेंटीमीटर ठेवलं, तर ओळी-ओळीतलं अंतर २.६ सेंटीमीटर लागतं. समभुज त्रिकोणाची उंची बाजूच्या √३/२ पट, म्हणजे ०.८६६ पट असते, तिथून हा आकडा येतो. मधल्या ओळीची रेघ आधी मारा. तिच्यापासून वर २.६, ५.२, ७.८, १०.४, १३, १५.६, १८.२ अशा खुणा पट्टी न उचलता एकाच वेळी करा, तशाच खाली. प्रत्येक ओळ मागच्या ओळीपासून मोजत गेलं तर प्रत्येक वेळची अर्ध्या मिलिमीटरची चूक साचत जाते. तपासायला सोपी खूण अशी की मधली सोडून पाचवी ओळ बरोबर १३ वर यायला हवी. मग मधली ओळ शून्यावर सुरू करायची, तिच्या शेजारच्या दोन दीडवर, त्यापुढच्या तीनवर, असं करत शेवटची आठ ठिपक्यांची ओळ साडेदहावर. पूर्ण झालेला षटकोन ४२ सेंटीमीटर रुंद आणि ३६.४ उंच येतो. रुंदी आणि उंची सारखी आली तर समजा कुठेतरी चुकलंय.

भोकं उदबत्तीने पाडायची. टोक टेकवून लगेच उचला. रेंगाळलात तर भोक पसरतं आणि ठिपक्याऐवजी ढीग पडतो. तीन-चार मिलिमीटरचं भोक पुरे.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ओळींतलं अंतरही ३ च ठेवणं. मग त्रिकोणाचा पाया ३, पण तिरप्या बाजू ३.३५ च्या होतात. वरचा कोन ६० ऐवजी ५३ अंशांचा येतो आणि षटकोन अंड्यासारखा उभा ताणला जातो. उलट २.५ ठेवलं तर चौदा अंतरांत मिळून दीड सेंटीमीटरही कमी होत नाही, डोळ्याला ते सहसा कळत नाही. घाईत असाल तर २.५ चालेल, ३ चालणार नाही. आणि अंतर दीड ठेवलं तर? मग ती तिरपी जाळी राहतच नाही. ती ४५ अंशांत वळवलेली सरळ जाळी होते, ठिपक्यातलं अंतर २.१२ सेंटीमीटर. काही पुस्तकांतल्या '१ ते १३ ते १' अशा चौकटच्या आकाराच्या मांडण्या खरं तर अशाच, अंग वळवून बसलेल्या सरळ जाळ्या असतात.

मुंबईत आता बहुतेक रांगोळी सोसायटीच्या लॉबीत निघते आणि खाली ६० × ६० सेंटीमीटरची गुळगुळीत टाइल असते. सरळ जाळीला ती वरदान आहे. ३, ४, ५, ६ यांपैकी कोणतंही अंतर घ्या, ६० ला भाग जातो, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर ठिपक्यांची ओळ येते आणि कागदाचीही गरज उरत नाही. तिरप्या जाळीला मात्र आडव्या सांध्यांचा आधार घेऊ नका. ३ सेंटीमीटरच्या जाळीत, सांध्यावरची पहिली ओळ सोडून, तेविसावी ओळ ५९.७६ वर येते, सांधा अडीच मिलिमीटर पुढे राहतो. दुसऱ्या टाइलला ५ मिलिमीटर, पाचव्याला सव्वा सेंटीमीटर. √३ अपरिमेय आहे, त्यामुळे ठिपक्यांचं अंतर टाइलला पुरा भाग जाणारं कितीही बारीक घेतलं तरी या ओळी सांध्याशी कधीच तंतोतंत जुळणार नाहीत. जवळपास जुळवायचं असेल तर दोन प्रमाणं लक्षात ठेवा: ओळी-ओळीतली आठ अंतरं मिळून ठिपक्या-ठिपक्यातल्या जवळजवळ सात अंतरांएवढी (६.९३), आणि पंधरा मिळून तेरा अंतरांएवढी (१२.९९). दुसरं प्रमाण इतकं चांगलं आहे की खडूची जाडी त्याहून जास्त भरेल.

आता आकार. सरळ जाळीवर चौरस सहज येतो, पण बहुतेक जण फक्त उभे-आडवे चौरस बघतात. ५ × ५ ठिपक्यांत चौरस किती असं विचारलं की उत्तर येतं ३०. खरे आहेत ५०. उरलेले वीस कललेले. n × n ठिपक्यांसाठी सूत्र n²(n²−१)/१२ असं आहे. कललेला चौरस काढायची रीत अशी: ३ उजवीकडे आणि १ वर गेलात, तर वळताना आकडे अदलाबदल करा आणि एकाची दिशा उलटवा. म्हणजे पुढची बाजू १ डावीकडे, ३ वर. मग ३ डावीकडे, १ खाली. मग १ उजवीकडे, ३ खाली, आणि मूळ ठिपक्यावर परत. इथे नेहमीची चूक म्हणजे दुसऱ्या बाजूला '१ उजवीकडे, ३ वर' जाणं. चारही बाजू सारख्याच येतात, आकृती बंदही होते, पण तो चौरस नसतो, दाबलेला समभुज चौकोन असतो. क्षेत्रफळ १० ऐवजी ८. रंग भरेपर्यंत बऱ्याचदा हे लक्षात येत नाही.

बुद्धिबळातल्या घोड्याची अडीच घरं म्हणजे २ आणि १. त्या चालीवर उभा केलेला चौरस ५ घरांचा होतो. बाजू a आडवी आणि b उभी घरं जात असेल, तर पायथागोरसच्या सिद्धांताने अशा प्रत्येक चौरसाचं क्षेत्रफळ a² + b² येतं: १, २, ४, ५, ८, ९, १०, १३, १६, १७, १८, २०. या यादीत ३, ६, ७, ११, १२ नाहीत आणि कधी येणारही नाहीत. कोणत्याही वर्गसंख्येला ४ ने भागलं तर बाकी ० किंवा १ उरते, त्यामुळे दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ३ कधीच होत नाही. ३, ७, ११ तिथेच बाद. ६ आणि १२ बाद होतात ते त्यांच्यातल्या ३ या अवयवामुळे. ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणारा मूळ अवयव सम वेळा आला तरच संख्या चालते. म्हणून ९ चालते, ६ चालत नाही. कोणत्या मूळ संख्या चालतात हे फ्रेंच गणिती फर्माने १६४० साली मर्सेन या दुसऱ्या गणितीला लिहिलेल्या पत्रात मांडलं होतं, सिद्धता नंतर ऑयलरने दिली. ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखली जाणारी नित्यसमानता इथे फार उपयोगी पडते: चालणाऱ्या दोन संख्यांचा गुणाकारही चालतो. ५ आणि १३ चालतात, म्हणून ६५ चालते, तेही दोन प्रकारे: ८² + १² आणि ७² + ४². म्हणजे एकाच मापाचे दोन चौरस वेगवेगळ्या कलाने काढता येतात. रांगोळीत दोन्ही एकमेकांवर ठेवले तर आठ टोकांची चांदणी मिळते, आणि सगळी टोकं ठिपक्यावर. मात्र दोघांचे मध्य एका ठिकाणी आणायचे तर ७-४ चा चौरस कोणत्या ठिपक्यापासून सुरू करायचा ते आधी बघावं लागतं. पहिला चौरस (०,०) पासून ८ उजवीकडे १ वर असा सुरू केला, तर त्याचा मध्य (३.५, ४.५) वर पडतो. दुसरा (२,−१) पासून ७ उजवीकडे ४ वर असा काढला, की त्याचाही मध्य तिथेच.

याच सरळ जाळीवर समभुज त्रिकोण येत नाही. लहान येत नाही, मोठा येत नाही, कललेलाही येत नाही. कारण दोन ओळींचं आहे. तिन्ही कोपरे ठिपक्यावर असतील तर त्रिकोणाच्या क्षेत्रफळाची दुप्पट ही पूर्ण संख्या असते, निर्देशकांच्या सूत्रातून ते थेट दिसतं. दुसरीकडे समभुज त्रिकोणाचं क्षेत्रफळ √३/४ गुणिले बाजूचा वर्ग, आणि बाजूचा वर्ग पूर्ण संख्या. मग √३ परिमेय व्हायला हवा, आणि तो नाही. त्यामुळे पुस्तकात चौकोनी ठिपक्यांवर दिसणारा प्रत्येक 'समभुज' त्रिकोण जवळपासचा असतो. कितपत जवळचा ते आपल्या हातात आहे. पाया २ उंची २ हा अगदी वाईट, बाजू बारा टक्के लांब. पाया ६ उंची ५ बरा, बाजू ५.८३. पाया ८ उंची ७ घ्या: बाजू √६५ म्हणजे ८.०६, वरचा कोन साडेएकोणसाठ अंश. याहून चांगला हवा तर पाया ३० उंची २६, पण रांगोळीला तेवढी हौस कशाला! ८-७ वरून षटकोनही निघतो: १६ रुंद, १४ उंच, वरची आणि खालची बाजू ८.

तिरप्या जाळीवर नेमकं उलट. तिथे समभुज त्रिकोण आणि षटकोन हवे तितके, पण चौरस एकही नाही. त्या जाळीत क्षेत्रफळ नेहमी √३/४ च्या पटीत येतं आणि बाजूचा वर्ग पूर्ण संख्या, त्यामुळे तेच भांडण उलट बाजूने. '१५ ते ८' वर मंगल कलशाची चौकोनी बैठक काढायला गेलात तर ती आयत होईल, चौरस नाही.

कोनांच्या बाबतीत तर हिशोब आणखी कडक आहे. सरळ जाळीवर ठिपके जोडणाऱ्या दोन रेघांमध्ये पूर्ण अंशाचा कोन हवा असेल तर तो फक्त ४५ च्या पटीतला मिळतो. ३०, ६०, ७२ यांपैकी एकही नाही. तिरप्या जाळीवर ३० च्या पटीतले मिळतात आणि ४५ मिळत नाही. म्हणून आठ पाकळ्यांचं कमळ सरळ जाळीवर आणि सहा किंवा बारा पाकळ्यांचं तिरप्या जाळीवर, हा नियम. इथेही एक खोच राहते. दिशा तंतोतंत जुळते, लांबी जुळत नाही. सरळ जाळीवर कर्णाच्या दिशेने एक पाऊल √२ चं असतं, म्हणून अष्टदल कमळात उभ्या-आडव्या पाकळ्या ७ घरांच्या ठेवल्या तर तिरप्या ५ घरांच्या ठेवा (७.०७). सगळ्या पाच-पाच केल्या की तिरप्या पाकळ्या बाहेर डोकावतात. बारा पाकळ्यांना मुख्य दिशेला ७ आणि मधल्या दिशेला ४ पावलं (६.९३). मधलं पाऊल म्हणजे शेजारची ओळ ओलांडून समोरासमोरच्या ठिपक्याला भिडणारं, √३ लांबीचं.

पाच पाकळ्या मात्र कुठेच नाहीत. सरळ जाळीवर नाहीत, तिरपीवर नाहीत, कुठल्याच समान अंतराच्या जाळीवर नाहीत. याची सिद्धता मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणी वाटते. समजा एक सुसम पंचकोन ठिपक्यांवर बसला. त्याचे पाचही कर्ण काढा, आत चांदणी होते आणि चांदणीच्या पोटात छोटा पंचकोन. पंचकोनातला प्रत्येक कर्ण समोरच्या बाजूला समांतर असतो. त्यामुळे छोट्या पंचकोनाचा प्रत्येक कोपरा हा मोठ्याच्या लागोपाठच्या तीन कोपऱ्यांनी होणाऱ्या समांतरभुज चौकोनाचा चौथा कोपरा ठरतो. आणि जाळीत तीन कोपरे ठिपक्यावर असले की चौथाही ठिपक्यावरच पडतो. म्हणजे छोटा पंचकोनही ठिपक्यांवर बसला, बाजू ०.३८ पट. त्याच्या पोटात पुन्हा तसाच, त्याच्या पोटात पुन्हा. पण ठिपके एका ठराविक अंतरापेक्षा जवळ नसतात, मग हे असं किती वेळ चालणार? म्हणून पहिला पंचकोनच नव्हता.

तरी पाच पाकळ्यांची जास्वंद काढायची असतेच, गणपतीला लागते. सरळ जाळीवर २७ × २५ ठिपके घ्या आणि डावीकडून, खालून मोजत हे पाच कोपरे धरा: (५,०), (२१,०), (२६,१५), (१३,२४), (०,१५). खालची बाजू १६, उरलेल्या चारही बाजू √२५० म्हणजे १५.८१. सव्वा टक्क्याची चूक, पावडरच्या रेघेत विरून जाते. जागा कमी असेल तर पाया १०, मग ३ बाहेर ९ वर, मग ८ आत ६ वर. इथे वरच्या दोन बाजू बरोबर १०, पण मधल्या दोन ९.४९, चूक पाच टक्के. गॅलरीत उभं राहून बघणाऱ्याला कळणार नाही, फोटोत कळेल.

रंग किती लागेल? दिवाळीच्या तोंडावर दादरच्या बाजारात जाऊन अंदाजाने पुड्या आणल्या की एक रंग उरतो आणि एक ऐन वेळी संपतो. याला ठिपक्यांचं एक सूत्र आहे, गणिती जॉर्ज पिकने १८९९ मध्ये प्रागहून प्रसिद्ध केलेलं. पिकचा जन्म व्हिएन्नाचा, १८५९ चा. १९४२ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, तो नाझींच्या तेरेझिनच्या छळछावणीत मेला. त्याचं सूत्र: आतले ठिपके, अधिक कडेवरच्या ठिपक्यांचे निम्मे, वजा एक. एवढंच. आलं क्षेत्रफळ, एका चौकोनी घराच्या मापात.

एक पाकळी घेऊ: (०,०), (६,२), (८,६), (३,८), (०,४). कडेवरचे ठिपके मोजताना माणसं फक्त पाच कोपरे धरतात आणि उत्तर चुकतं. बाजूच्या मध्ये दडलेले ठिपकेही धरायचे. त्यासाठी प्रत्येक बाजूचं आडवं आणि उभं अंतर घेऊन त्यांचा मसावि काढा. ६ आणि २ चा २, २ आणि ४ चा २, ५ आणि २ चा १, ३ आणि ४ चा १, ० आणि ४ चा ४. बेरीज १०, हे झाले कडेवरचे. आतले ओळीओळीने मोजा: खालून २, ५, ६, ६, ७, ६, ३, मिळून ३५. मग ३५ + ५ − १ = ३९ घरं. आता कोपऱ्यात एक घर भरून बघा किती रंग लागतो, समजा एक सपाट चमचा. मग या पाकळीला ३९ चमचे, आठ पाकळ्यांना ३१२. गुळगुळीत टाइलवर रंग पातळ पसरतो आणि खरखरीत शहाबादी फरशीच्या खाचांत मुरतो, म्हणून चाचणीचं घर जिथे रांगोळी काढायची त्याच फरशीवर भरा.

सूत्र का चालतं? आकृतीत सगळे ठिपके वापरून इतके त्रिकोण पाडा की एकाही त्रिकोणाच्या आत किंवा बाजूवर जादा ठिपका उरणार नाही. आता सगळ्या कोनांची बेरीज करा. आतल्या प्रत्येक ठिपक्याभोवती ३६० अंश. कडेवरच्या सगळ्यांचे मिळून, बहुभुजाच्या नेहमीच्या सूत्राने, (कडेवरचे − २) × १८०. प्रत्येक त्रिकोणाला १८० लागतात, म्हणून त्रिकोण झाले दोन गुणिले आतले, अधिक कडेवरचे, वजा दोन. असा रिकामा त्रिकोण कितीही लांबुळका, सुईसारखा असला तरी त्याचं क्षेत्रफळ अर्ध्या घराचंच असतं. त्याला जोडीचा त्रिकोण लावून समांतरभुज चौकोन करा आणि त्याच्या प्रतींनी सगळी जमीन भरा: दर चौकोनामागे एकच ठिपका येतो, म्हणजे चौकोन एका घराएवढा. या युक्तिवादात जाळी सरळ असल्याचा उल्लेख कुठेच आला नाही. म्हणून तिरप्या जाळीवरही त्रिकोणांची तीच मोजणी करा; उत्तर छोट्या समभुज त्रिकोणांच्या संख्येत मिळेल. पूर्ण '१५ ते ८' चा षटकोन: कडेवर ४२, आत १२७. २५४ + ४२ − २ = २९४ त्रिकोण. पडताळा सोपा आहे, बाजू ७ अंतरांची असलेल्या षटकोनात सहा गुणिले ४९ त्रिकोण असतातच.

सूत्र कुठे फसतं तेही माहीत हवं. मधे रिकामी जागा सोडली असेल, उदाहरणार्थ समईसाठी, तर त्या भोकाच्या कडेचे ठिपकेही कडेवरचे धरा आणि दर भोकामागे एक मिळवा. एक भोक असेल तर 'वजा एक' पुसूनच जातं. रेघ स्वतःलाच छेदत असेल, जसं स्वस्तिकाच्या वेलांटीत किंवा गाठीच्या नक्षीत, तर सूत्र लावू नका, आकृतीचे तुकडे करा. आणि गोल पाकळी ठिपक्यांवर मोजली तर उत्तर जवळपासचंच येणार, कारण वळणदार कडेला मसावि नसतो.

मसाविवरून आठवलं. माटुंग्याला तमिळ घरांच्या दारात जे कोलम दिसतं, त्यातल्या एका प्रकारात रेघ ठिपक्यांना जोडत नाही, त्यांच्याभोवती वळसे घेत फिरते. m × n ठिपक्यांभोवती अशी साधी विण घातली, प्रत्येक दोन शेजाऱ्यांच्या मधून रेघांची फुली नेली, तर सुटे वेढे किती होतात? m आणि n चा मसावि. ५ × ५ ला पाच वेगळे वेढे, ६ × ९ ला तीन, आणि ५ × ६ ला हात न उचलता एकच. एकाच रेघेत पूर्ण करायची हौस असेल तर बाजूंचा मसावि १ येईल असे आकडे घ्या. मधली एखादी फुली मोडून रेघा शेजारून वळवल्या की हा हिशोब बदलतो. त्यासाठी मात्र सूत्र शोधण्यापेक्षा बोटाने रेघ गिरवत जाणं जलद.

राहता राहिली ठोकळ्यांची रांगोळी, जिच्यात घनाकृती ठोकळे एकावर एक रचल्याचा भास होतो. ती नेहमी तिरप्या जाळीवरच का निघते? लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांनी ठिपके असलेली जाळी कल्पा. तिच्यात (१,०,०), (०,१,०), (०,०,१) हे तीन ठिपके एकमेकांपासून सारख्याच अंतरावर, √२ वर, असतात. सरळ जाळीने नाकारलेला समभुज त्रिकोण तिसरी दिशा मिळताच हजर होतो. ज्या ठिपक्यांच्या तिन्ही आकड्यांची बेरीज सारखी, तेवढेच वेगळे काढले की तिरपी जाळी मिळते, आणि ठोकळ्याकडे त्याच्या टोकाच्या दिशेने बघताना नेमकी तीच दिसते. पिकचं सूत्र मात्र तिथे साथ सोडतं. (०,०,०), (१,०,०), (०,१,०) आणि (१,१,r) या चार ठिपक्यांच्या सुळक्यात r कितीही वाढवला तरी पाचवा ठिपका येत नाही, घनफळ मात्र r/६ असतं, म्हणजे r बरोबर वाढतच जातं. रीव्ह या गणितीने हे १९५७ मध्ये दाखवलं.

काढताना प्रत्येक ठोकळ्याला तीन समभुज चौकोन, म्हणजे सहा छोटे त्रिकोण. वरच्या चौकोनाला सर्वांत फिका रंग, डावीकडच्याला मध्यम, उजवीकडच्याला गडद, आणि हा क्रम संपूर्ण रांगोळीत एकाही ठोकळ्यात बदलायचा नाही. बाहेरून आत भरत या. एक जरी उलटा भरला गेला तरी तेवढाच ठोकळा खड्ड्यासारखा आत गेलेला दिसतो.